एकच दिवा पिवळा

लातूरहून गाडी आणली त्या दिवशी निवृत्ती गजभारे यांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला ते डाव्या दिव्यासमोर उकिडवे बसले. बत्तीस वर्षं देगलूर आगाराची एसटी चालवलेला माणूस. गाडी घेतली होती सुनेनं, बुद्धप्रियानं. पण तपासणीचा हक्क आपला, हे त्यांनी कुणाला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

"प्रिया, हिकडं ये," ते म्हणाले. "ह्यो दिवा बग. आन् आता त्यो बग."

उजवा दिवा बरा होता, म्हणजे तेरा वर्षांच्या गाडीचा असावा तितका. आतला बल्ब, त्यामागची चकचकीत वाटी, सगळं दिसत होतं. डावा मात्र पिवळाधमक आणि मळकट, कढवलेल्या तुपाच्या जुन्या बरणीसारखा. आत बल्ब आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

"लातूरलाच पाहिलं मी ते," बुद्धप्रिया म्हणाली. "एजंट म्हणाला, जुनी गाडी म्हटल्यावर दिवे पिवळे पडतातच."

"पडतात की. पर दोन्ही पडतात. येकच कामून पडला?"

बुद्धप्रिया देगलूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. वर्गात ती रोज काही ना काही प्रश्न विचारायची आणि मुलं उलट तिलाच विचारायची, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" उत्तरापेक्षा प्रश्नातच रस असलेलं माणूस तिच्या घरातच होतं. नवरा आनंदराज नोकरीपायी चंद्रपूरला, महिन्यातून एकदा यायचा. एरवी घरात ती आणि सासरे. दोघांचं जमायचं ते ह्याच एका गुणावर. नळाचं पाणी अचानक का कमी झालं, ह्यावर दोघं जेवण संपेपर्यंत बोलू शकत.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन उदगीर रोडवरच्या संगप्पाच्या गॅरेजवर गेले. संगप्पानं दिव्याकडे एकदाच पाहिलं.

"अक्का, सोपं हाय. गाडी ठोकल्याली हाय. उजवा फुटला, नवा बसिवला. डावा जुना ऱ्हायला. म्हणून त्यो पिवळा आन् ह्यो नीट."

एजंटनं गाडीला ओरखडा नाही म्हणून शपथा घेतल्या होत्या. पण संगप्पा कामाला पक्का. त्यानं बॉनेट उघडलं, टॉर्च मारली, दोन्ही दिव्यांच्या कडेला असलेली बारीक अक्षरं वाचली, बोल्ट बोटानं चाचपले. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"न्हाई. दोन्हीवर येकच शिक्का, येकच साल, येकच महिना. बोल्टाला पाना सुदा लागला न्हाई. जुळे हायत, कंपनीतून संगंच आल्यात."

"मग एकच कसा पिवळा?"

"ते काय मला कळंना, अक्का. पेपर मारून साफ करून देऊ का?"

"पेपर द्या मला. मीच मारते."

संगप्पानं पॉलिश पेपरचे चार तुकडे, घासून चमकवायच्या कंपाउंडची डबी आणि वरून मारायच्या पारदर्शक कोटिंगचा फवारा दिला. खरखरीत आठशे नंबरपासून पंधराशे, दोन हजार आणि बारीक तीन हजारापर्यंत, ह्याच क्रमानं आणि पाणी सोडत सोडत, असं दोनदा बजावलं. शेजारच्या वैनींनी टूथपेस्ट लावायला सांगितली होती. बुद्धप्रियानं तीही एका कोपऱ्यात लावून पाहिली. कोपरा तासभर चमकला आणि ऊन चढल्यावर होता तसा झाला.

रविवारी सकाळी तिनं कामाला हात घातला. आधी मोबाइलवर दिव्याचे फोटो काढले, समोरून, बाजूनं, जवळून. आधी आणि नंतर, दोन्ही पाहिजे, वर्गात दाखवायला उपयोगी पडतं. मग दिव्याच्या कडेनं चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाला ओरखडे पडायला नकोत. निवृत्ती पाण्याचा मग हातात धरून धार सोडायला उभे राहिले.

"हे काचेचं नाही, मामा," ती पेपर घासता घासता सांगत होती. "प्लास्टिक आहे. वरून एक पातळ थर दिलेला असतो, उन्हापासून जपायला. ऊन तोच थर आधी खातं. तो गेला की मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं."

"आमच्या यष्टीला काच व्हती. दगुड लागला तर फुटायची, पर पिवळी कवा पडली न्हाई."

आठशेच्या पेपराखालून पिवळसर दूध वाहू लागलं. थोड्या वेळानं दिवा पहिल्यापेक्षाही वाईट दिसायला लागला. पांढरा, खरबरीत, कोळ्याच्या जाळ्यासारखा.

"आगं, व्हता त्यो बी घालिवलास!" निवृत्ती घाबरले.

"थांबा हो. आता बारीक पेपर."

पंधराशेच्या पेपराला ओरखडे कमी झाले, दोन हजाराला धुकं उरलं. तीन हजारानंतर कंपाउंड लावून तिनं फडक्यानं गोल गोल रगडलं तेव्हा धुक्यातून बल्ब वर आला, मग मागची वाटी, मग त्या वाटीत निवृत्तींचं उलटं तोंड. अडीच तास गेले होते. तिचे खांदे भरून आले होते.

पण घासताना एक गोष्ट तिच्या हाताला आधी कळली होती. दिवा सगळीकडे सारखा पिवळा नव्हता. वरच्या आतल्या कोपऱ्यात एक तुकडा जवळजवळ स्वच्छ होता. पेपर तिथे घसरायचा, पिवळं दूध निघायचंच नाही. आणि त्या तुकड्याची कड पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. तिनं सकाळचे फोटो मोठे करून पाहिले. कड होती. तिरपी. मग ती उठून बॉनेटकडे गेली. बॉनेटचा लाल रंग डाव्या कोपऱ्यात फिकट, गुलाबट झाला होता, तेवढ्याच त्रिकोणात.

"मामा, दोरा आणा."

एक टोक तिनं दिव्यावरच्या कडेला धरलं, दुसरं निवृत्तींनी बॉनेटवर, जिथे लाल संपून गुलाबी सुरू होत होतं तिथे. दोरा ताणला. एकच रेघ.

निवृत्ती दोऱ्याला डोळा लावून वाकले.

"सावलीची कड हाय ही," ते म्हणाले. "गाडी छपराखाली व्हती. वर्सानुवर्सं, येकाच जागी, तिरपी. सगळी सावलीत, आन् डावी शेंडी तेवढी उनात."

"पण छपराखाली लावायचीच, तर सगळी आत का नाही घ्यायची? हातभर तर राहिली होती."

"त्ये मालकाला इचारावं लागंल."

मालकाचं नाव कागदपत्रांत होतं. ग्यानोबा बाबळसुरे, मुक्काम किल्लारी. आणि एक निमित्तही होतं. एजंटनं एकच चावी दिली होती, दुसरी मालकाकडे राहिली असेल म्हणाला होता. बुद्धप्रियानं त्याच्याकडून नंबर घेऊन फोन लावला. फोनवर बाई होत्या, मागे कसली तरी घरघर चालली होती. "हाय की चावी," त्या ओरडून म्हणाल्या. "पडून हाय हितंच. कवाबी या."

चावी एसटीच्या पार्सलनं मागवता आली असती. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या निवृत्तींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते काही बोलले नाहीत, आणि बुद्धप्रियानंही विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी कॉलेज सुटल्यावर दोघं निघाले. उदगीर मागे पडलं, निलंगा आलं. निवृत्ती शेजारी बसून न दिसणारा ब्रेक दाबत होते.

"मला अंदाज आलाय," निलंग्याच्या पुढे ते म्हणाले. "भूकंपाचं माणूस हाय. छपराखाली भरवसा न्हाई. गाडीचं तोंड भाईर ठिवलं असंल, हाललं की निघायला."

"अकरा-बारा वर्षं?"

"भूकंप झाला तवा तू लहान व्हतीस. मी उमरग्याच्या वाटंवर पंदरा दिस गाडी चालिवली. आतली माणसं..." ते थांबले. "लोकं पुढं कितीक वर्सं अंगणात निजली."

बुद्धप्रियाला ते पटलं. पटलं म्हणूनच तिनं गाडी थोडी सावकाश घेतली. असं काही असेल तर आपण कुठल्या तोंडानं विचारणार, हे तिला कळेना.

किल्लारीत घर सापडायला वेळ लागला नाही. रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट, आणि फोनमधली ती घरघर. पिठाच्या गिरणीची होती. घराला लागून पत्र्याचं शेड, शेडच्या मागच्या कोपऱ्यात गिरणी, आणि गिरणीपाशी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालेल्या बाई. त्याच धुरपताबाई. साठीच्या पुढच्या, हाडापेरानं दणकट. दारापुढे बाजेवर त्यांचे मालक ग्यानोबा बसले होते. सत्तरीला आलेले, दाढी खुरटी, डोळ्यांवर जाड चष्मा.

"मी निवृत्ती गजभारे, देगलूरचा. जयभीमवाले," निवृत्तींनी आल्या आल्या सांगितलं. नव्या दारात आडनाव आधीच सांगून टाकायची त्यांची जुनी सवय. "ही माझी सून. तुमची गाडी हिनंच घेतली."

"असूंद्या की," धुरपताबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "च्यात साकर चालती न्हवं?"

ग्यानोबांनी बाजेवर सरकून जागा केली. निवृत्ती डावीकडे बसायला गेले तसा त्यांनी हात आडवा केला. "हिकडं बसा. उजव्या अंगाला. डावीकडचं मला दिसत न्हाई."

चहा झाला. धुरपताबाईंनी आतून चावी आणून दिली, लाल दोऱ्यात ओवलेली. निवृत्तींना आता दम निघेना.

"बाई, रागावू नका. ही गाडी तुम्ही ह्याच पत्र्याखाली लावत व्हता का? तोंड जरा भाईर, डाव्या अंगानं?"

धुरपताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

"गाडीनंच. मला वाटलं, भूकंपाची भीती..."

बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की त्यांच्या केसांतलं पीठ उडालं. "भाईरून आल्यालं माणूस पैलं भूकंपच इचारतंय! भांडं पडलं तरी भूकंप, म्हस येडी झाली तरी भूकंप. न्हाई वो. ती गिरणी बगा. गिरणी मागं हाय, म्हणून गाडी आत जाईना. तिरपी घातली तर जाती, पर येक शेंडी भाईर ऱ्हाती. ह्ये म्हणले, गिरणी हालीव. मी म्हणलं, गाडी आज आली, गिरणी माझी ईस वर्साची. बाया दळण घिऊन येत्यात, त्येंनी उभं कुठं ऱ्हायाचं? बारा वर्सं ह्योच तमाशा."

"गिरणी हाल्ली का?" बुद्धप्रियानं विचारलं.

"इंचबर न्हाई," ग्यानोबा म्हणाले. आल्यापासून पहिल्यांदाच ते हसले.

एवढंच. निवृत्ती जरा हिरमुसले आणि मग त्यांनाही हसू आलं. उत्तर मिळालं होतं. खरं तर आता उठायला हरकत नव्हती. पण बुद्धप्रियाला दुसरंच काही दिसत होतं. ग्यानोबा सारखी मान डावीकडे वळवून पाहत होते, दर थोड्या वेळानं, कोंबडीसारखी झटकन. आणि मघाशी धुरपताबाईंनी चहाची बशी डावीकडून पुढे केली तेव्हा त्यांनी मान न वळवताच ती बरोबर धरली होती.

"आबा, डावीकडचं दिसत नाही म्हणजे? मोतीबिंदू?"

"मोतीबिंदू काडला की लातूरला. दोनी डोळ्यांचा. डाक्टर म्हणतो, नजर चांगली हाय. तीन डाव गेलो. दर बारीला त्येच." त्यांनी खांदे उडवले. "डाक्टरला काय, त्याला पैसं. मला ठावं हाय ना. सांजच्याला गाडी चालिवताना डाव्या अंगाची रस्त्याची कड दिसायचीच न्हाई. उजवीकडचं समदं सोच्छ. डावीकडं नुसता अंदार. आधी वाटलं बल्प गेला. बदलला. तरी त्येच."

"आन् मंग औशाहून येताना चाक नालीत गेलं," धुरपताबाई म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी. मी डावीकडंच बसल्याली. माझं मनगट मोडलं."

गिरणीचा पट्टा थांबला होता. दूर साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज होता.

"त्या दिशी सोडली गाडी," ग्यानोबा म्हणाले. "तीन वर्सं झाली. नजर गेली, मंजे गेली. माणसाचा जीव घ्यायचा का? सायकल बी सोडली. सांजचं शेतात जाणं बी सोडलं. गाडी पत्र्याखाली तशीच. ह्या उनाळ्यात म्हणलं, इकून टाका."

बुद्धप्रियाच्या हातात तोपर्यंत मोबाइल आलेला होता, पण तिनं तो उघडला नाही. आधी खात्री करायला हवी होती.

"आबा, एक करता का? समोर त्या खांबाकडे बघा. मान वळवायची नाही. उजवा डोळा हातानं झाका." ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हात लांब केला. "किती बोटं?"

"दोन."

"आता?"

"पाच... हालतीत."

ती मागे सरकली. हात आणखी मागे नेला, कानाच्या रेषेत. "आता?"

"दिसतंय बोट. येक." ग्यानोबांचा आवाज बदलला होता. "पर हे उजेडात. सांजच्याला दिसत न्हाई."

"सांजच्याला घरात दिसतं का? जेवताना? डावीकडे ठेवलेला तांब्या?"

ग्यानोबांनी डोळ्यावरचा हात काढला. तांब्या त्यांना रोज सापडत होता, हे त्यांच्या आताच लक्षात आलं असावं.

बुद्धप्रियानं मोबाइल उघडला आणि फोटो त्यांच्या हातात दिला. तो रविवार सकाळचा फोटो होता, डाव्या दिव्याचा, जवळून. पिवळा, मळका, आत काहीच न दिसणारा. "आबा, आंधळा हा झाला होता. तुम्ही नाही. आतला बल्ब नीट जळायचा, पण प्लास्टिकमधून उजेड बाहेरच यायचा नाही. आणि हे हळूहळू होतं, दहा वर्षांत, म्हणून रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही."

सगळ्यांत आधी कळलं ते धुरपताबाईंना. त्यांनी फोटो पाहिला, मग शेडकडे पाहिलं, पत्र्याच्या कडेकडे, गिरणीकडे, आणि पदर तोंडाला लावला. "माझ्या गिरणीमुळं?" त्या पुटपुटल्या. "आगं बया. माझ्या गिरणीमुळं!"

ग्यानोबांनी मोबाइल बाजेवर ठेवला, उठले, आणि शेडच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, जिथे गाडीचं नाक असायचं नेमकं तिथे. वर पत्र्याकडे पाहिलं. मग रस्त्यावर उभ्या असलेल्या लाल गाडीकडे गेले. आल्यापासून ते त्या गाडीजवळ गेले नव्हते. डाव्या दिव्यापुढे वाकले, दिव्यावर हात फिरवला, नखानं टकटक केली, चष्मा वर करून आत पाहिलं.

"तीन वर्सं," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. "तीन वर्सं मी पोरासोरांचा हात धरून रस्ता वलांडला." मग अचानक वळून मोठ्यानं, "मला कुणी सांगितलं कसं न्हाई? बल्प बदलला त्या मेकॅनिकनं सांगितलं न्हाई, डाक्टरनं न्हाई, गाडी इकत नेली त्या एजंटानं सुदा न्हाई! समदे म्हणले, वय झालं!"

धुरपताबाई जवळ गेल्या. "मी बी म्हणलं," त्या हळूच म्हणाल्या. "मी बी त्येच म्हणलं की वो."

ग्यानोबांनी बायकोकडे पाहिलं. रागानं पाहिलं, पण तिचं पिठानं माखलेलं तोंड आणि त्यावरून ओघळलेल्या दोन रेघा बघून त्यांचा राग कुठे टिकेना. ते बॉनेटवर हात टेकून खाली मान घालून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. बुद्धप्रियाला आधी वाटलं रडताहेत. पण ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि निवृत्तींनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवर थापा मारल्या.

"पोरी," ठसका थांबल्यावर ते म्हणाले, "दिस मावळू दे. येकडाव चालवू देतीस?"

बुद्धप्रिया गोंधळली. गाडी घेऊन दोन आठवडे झाले नव्हते. समोर तीन वर्षं स्टिअरिंगला हात न लावलेला म्हातारा. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"मी बसतो शेजारी," निवृत्ती म्हणाले. "हँडब्रेक माझ्या हातात. पर आधी तुमी मागंच बसा, बाई. मनगट जपून."

"मी काय मागं बसायची न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या, आणि मग मागेच बसल्या, बुद्धप्रियाशेजारी, सीटवर पिठाचे हात उमटवत.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती झटका देऊन निघाली आणि निवृत्तींनी कसं तरी तोंड मिटून ठेवलं. गावातल्या रुंद रस्त्यावरून ग्यानोबा इतक्या सावकाश चालले होते की दोन सायकलवाले पुढे गेले. सूर्य मावळून आभाळ नुसतं राखी उरलं होतं. कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी दिवे लावले.

उजेड समोर पडला. ग्यानोबांची मान सवयीनं डावीकडे झटकली आणि तिथेच थांबली. रस्त्याची कड होती. कडेचा मुरूम, त्यातलं वाळलेलं गवत, उसाच्या गाडीतून पडलेली दोन टिपरं, एक पांढरं कुत्रं, कुणीतरी टाकलेली चप्पल.

"चप्पल," ते म्हणाले. "येकाच पायाची."

"दिसतंय न्हवं?" मागून धुरपताबाई.

"दिसतंय. कुत्रं बी दिसतंय. त्ये बग, टिपरं." ते एकेक वस्तू मोजल्यासारखी सांगत राहिले. मैलाचा दगड आला, तो वाचला. पुलाचा कठडा आला, त्याच्यापासून हातभर अंतर राखून गाडी नेली. अर्ध्या किलोमीटरनंतर मात्र त्यांनी वेग कमी केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं?" निवृत्तींचा हात हँडब्रेकवर गेला.

"आता उजवीकडचं कमी दिसाया लागलंय."

बुद्धप्रिया पुढे वाकली. खरंच होतं. घासून कोटिंग दिलेला डावा दिवा आता इतका झगझगीत होता की तेरा वर्षांचा उजवा त्याच्यापुढे मिणमिणता वाटत होता. ती हसायला लागली, आणि ग्यानोबांनी आरशातून तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

"आबा, तुमच्या डोळ्यांना काही झालं नाही. उजवा दिवा पण घासायचा राहिलाय. उद्याच घासते."

"न्हाई न्हाई, पक्कं सांग. पुना तीन वर्सं घरात बसायला लावू नगं."

कारखान्याच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग चालली होती. ग्यानोबांनी गाडी कडेला, अगदी नीट कडेला, डाव्या चाकाखाली मुरूम येईल अशी उभी केली आणि इंजिन बंद केलं. ट्रॅक्टर जाईपर्यंत चौघं गाडीत बसून राहिले. निवृत्तींनी त्यांना एसटीच्या गोष्टी सांगितल्या. ग्यानोबांनी विचारलं, पेपर कुठल्या नंबरचे, आधी कुठला, पाणी किती. बुद्धप्रियानं वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं, आणि ग्यानोबांनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. परत येताना ते स्टिअरिंगवर नव्हते. स्वतःहून उतरले, बुद्धप्रियाला चालवायला दिली. "गाडी तुझी हाय," एवढंच म्हणाले.

देगलूरला पोचायला त्यांना उशीर झाला, पण गाडी कुठे अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं उजवा दिवाही घासला. वर्गात दोन्ही फोटो दाखवले. कुणी तरी विचारलंच, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" त्यावर तिनं मुलांना एका माणसाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच तास संपल्यावरही मुलं बसून राहिली.

महिन्याभरानं धुरपताबाईंचा फोन आला. मागे गिरणीची घरघर होतीच, त्यामुळे त्या ओरडूनच बोलत होत्या. आबांनी सायकल दुरुस्त करून घेतली होती. संध्याकाळी शेतात जात होते. जीपच्या स्टँडवर जाऊन तीन जीपवाल्यांचे दिवे घासून दिले होते, चहावर. परवा लातूरला जाऊन जुन्या गाड्या पाहून आले. एकही पसंत पडली नाही. प्रत्येक गाडीपुढे वाकून आधी दिवेच बघत होते म्हणे, एजंट कंटाळला.

"चांगलं झालं की मावशी," बुद्धप्रिया म्हणाली.

"काय चांगलं?" बाई ओरडल्या. आवाजात राग होता आणि त्या रागातून त्यांचं हसू काही लपत नव्हतं. "तीन वर्सं माणूस घरात बसून माझ्या गिरणीत दळण टाकत व्हता. आता सकाळी जातो त्ये दिवे लागल्याशिवाय येत न्हाई. तुमी येऊन गेलात आन् माझा गडी पळाला. मी येकटीनं पोती कशी उचलायची, त्ये बी येक शोधून काडा आता!"